वजिफ्याचा पैलवान

साखऱ्याच्या तालमीत दूध वेगळं पिण्याची पद्धत नव्हती. गावातल्या दुभत्या घरांची पाळी लागलेली असे. ज्या घराची पाळी, त्या घरचं सकाळचं दूध तालमीतल्या पितळी घागरीत येऊन पडे. म्हशीचं, गायीचं, शेळीचं, जे असेल ते. मेहनत आटोपली की वस्ताद घागरीपाशी बसत आणि एकाच पेल्यानं सगळ्यांना सारखं दूध देत. पाटलाच्या पुतण्याला जेवढं, तेवढंच सालगड्याच्या पोराला. दूध कमी आलं तर पेला कमी भरे, पण सगळ्यांचाच. कोणी घरून लोटाभर दूध पिऊन आल्याचं कळलं, तर वस्ताद त्याला त्या दिवशी मातीत उतरू देत नसत.

"घरी पिलास, तर घरीच खेळ," एवढंच ते म्हणत.

वस्ताद आमच्याच गावचे कोरडवाहू शेतकरी. तरुणपणी त्यांनी वऱ्हाडापासून नांदेडपर्यंतचे फड गाजवले होते. त्यांचे दोन्ही कान मोडलेले होते आणि बोलणं थोडं होतं. कुस्तीत ताकदीपेक्षा जोड मोठी, असं ते मानत, आणि त्यांच्यामुळे गावही तसंच मानायला लागलं होतं.

आमच्या गावची जत्रा वैशाखी पौर्णिमेला भरे. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठच्या मोकळ्या रानात कुस्त्यांचा फड लागे. हिंगोली, वसमत, पार वाशिमपर्यंतचे गडी येत. पंच दोघांना समोरासमोर उभे करीत, दंड, मान, मनगट हातानं चाचपून पाहत आणि मग दोघांना हाताला धरून फडाभोवती एक फेरी मारीत. गोल बसलेल्या लोकांनी जोड नीट पाहावी, यासाठी ही फेरी. जोड असमान वाटली तर कोणीही "जोड न्हाई" असं ओरडावं. ओरडणाऱ्यानं कारण द्यावं. कारण पटलं तर पंचांनी कुस्ती मोडावी. हलगी वाजायच्या आधी हे सगळं व्हायचं. एकदा सलामी झाली की कोणाचं काही चालत नसे.

या फडातली शेवटची, मानाची कुस्ती सलग काही वर्षं त्याच दोघांची होत आली होती. एक माझा थोरला भाऊ. त्याला घरात आणि तालमीत सगळे दादा म्हणत. दुसरा ओढ्यापलीकडच्या तांड्यावरचा त्याचा जोडीदार. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. रेल्वे आली, ते काम गेलं आणि तांडा माळाच्या मुरमाड जमिनीत शेती करू लागला. जोडीदाराला बाप नव्हता. आई होती. तिला तो त्यांच्या बोलीत याडी म्हणे, म्हणून तालमीतली सगळी पोरं तिला याडीच म्हणत.

दादा आणि जोडीदार एका वयाचे, एका उंचीचे. दोघांनी एकाच दिवशी लंगोट बांधला होता. जत्रेत त्यांची कुस्ती लागली की बहुतेक वेळा दिवस मावळायला लागे आणि पंच ती बरोबरीत सोडवत. दोघांत सरस कोण, हे साखऱ्यात कोणालाही सांगता येत नव्हतं. बाहेरगावचे पाहुणे याला हसत. गावाला मात्र याचाच अभिमान होता.

फडात पुकारा करायचं काम माझ्याकडे होतं. दादाहून मी दोन वर्षांनी लहान. अंगानं किरकोळ, पण आवाज मोठा. कोणाची कुस्ती कोणाशी, कोण जिंकला, हे चारी बाजूंना ऐकू जाईल असं सांगायचं. पुढे वर्तमानपत्रात आयुष्य गेलं, तिथे हेच काम केलं, फक्त आवाज लागला नाही.

दादा हिंगोलीच्या फौकानियात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात शिकला. शिक्षण उर्दूतून. साखऱ्यातून मॅट्रिक पास होणारा तो पहिला. पुढे कॉलेजात जायची त्याची इच्छा होती, पण आमच्या शेतात घरची भाकरी भागे, शहरातलं राहणं-खाणं भागलं नसतं. तेव्हा हिंगोलीच्या एका शिक्षकांनी बातमी आणली की शहरातल्या एका कॉलेजात पैलवान विद्यार्थ्यांना वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती देतात. फी माफ, बोर्डिंगात राहणं फुकट, आणि वर खुराक. दूध, तूप, बदाम. बदल्यात कॉलेजच्या वतीनं कुस्ती खेळायची.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे दोनदा विचारून घेतलं.

"कुस्ती खेळायचे पैसे देतेत?"

"व्हय, आबा."

"अन् वरून शिकवतेत?"

"व्हय."

"मंग कोण कोणाला फसवून राहिलं?"

घरात सगळे हसले. आबाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडी जुंपली आणि दादाला हिंगोली स्टेशनावर सोडून आले. पूर्ण्याला गाडी बदलून दादा कॉलेजात गेला. साखऱ्याच्या मातीतला गडी सरकारी वजिफ्यावर शिकायला गेला, ही गोष्ट आठवडी बाजारात सेनगावपर्यंत पोचली. त्या दिवशी वस्तादांनी डोक्याला नवा पटका बांधला होता.

पुढच्या वैशाखात दादा सुटीवर आला तेव्हा जत्रा तोंडावर होती. तो गाडीतून उतरला आणि आईला तो ओळखायला क्षणभर वेळ लागला. मान खांद्यात मिसळून गेली होती. दंड भरले होते. चालताना जमीन दबल्यासारखी वाटे. दुसऱ्या दिवशी तो तालमीत गेला. वस्तादांनी त्याला मातीत घेतलं आणि नेहमीच्या पेल्यानं दूध दिलं. बाहेर वेगळं पिऊन आलेल्याला मातीत घ्यायचं नाही, हा त्यांचाच नियम त्यांना त्या दिवशी आठवला नाही. आम्हांलाही आठवला नाही. वजिफ्याचं दूध सरकारी होतं, गावच्या पोराच्या गुणावर मिळालेलं होतं. ते वेगळं दूध आहे, असं कोणाच्या मनातच आलं नाही. गावाची चूक झाली ती इथे, आणि ती अभिमानानं झाली.

जत्रेच्या फडात शेवटची कुस्ती आली. मी दोघांची नावं पुकारली. पंचांनी दंड चाचपले आणि एकमेकांकडे पाहिलं. फेरी सुरू झाली. जोडीदार नेहमीसारखाच होता. उन्हानं रापलेला, सडपातळ, पोटऱ्यांच्या शिरा वर आलेल्या. तो महिना त्यानं दिवसभर नांगरामागे काढला होता. बाया फडाजवळ बसत नसत. त्या लांब, गाड्यांपाशी उभ्या राहून पाहत. फेरी त्या बाजूला गेली तेव्हा एका गाडीच्या जुवाला धरून उभी असलेली याडी ओरडली,

"जोड न्हाई!"

लोक हसले. बाईनं जोड मोडायला ओरडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"याडे, पोरगं हारंल म्हणून भिऊन राहिलीस काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"हारंल तर हारू द्या. आजवर कधी रडले का मी?" ती म्हणाली. "पण एकाला सरकार खाऊ घालतंय, अन् एक माझ्या भाकरीवर. एक वरीसभर गादीवर निजला, अन् एक नांगरामागं. ही जोड कशी? सांगा की वस्ताद. तुमच्या घागरीचं दूध सगळ्याला बराबर असतंय ना?"

हसू थांबलं. वस्ताद पंचांत बसले होते. ते उठले, दादापाशी आले आणि पुन्हा एकदा त्याचा दंड धरून पाहिला. बराच वेळ धरून ठेवला.

"बाई बराबर बोलून राहिली," ते म्हणाले. "ध्यानात माझ्या यायला पाहिजे होतं. जोड न्हाई."

"वस्ताद, मी कुणाचं चोरून खाल्लं न्हाई," दादा म्हणाला.

"चोरून न्हाईच. पण वेगळं खाल्लंस. ज्याला जोड न्हाई, त्याला फड न्हाई. लंगोट सोड."

मला ते पुकारावं लागलं. जोड नाही, कुस्ती रद्द. जोडीदार फडाच्या मधोमध उभा राहून आईकडे रागानं बघत होता. त्याला कुस्ती हवी होती. दादानं कपडे घातले आणि तो सरळ घरी आला.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर याच गोष्टीची चर्चा झाली. शेजारचे दोघं-तिघं आले होते. एकजण म्हणाला, वजिफा सोड, गावात ये. आबा म्हणाले, "पोरगं शिकून राहिलंय. सोडायचं काहून?" दुसरा म्हणाला, मग गावचा फड सोड, शहरात काय कमी फड आहेत. यावर दादा पहिल्यांदा बोलला.

"शहरात मी कॉलेजचा पैलवान हाय. साखऱ्याचा मी हितंच हाय. हितं जोड न्हाई म्हणले, तर माझ्या अंगात जे हाय ते माझं का वजिफ्याचं, हे मला कधीच कळायचं न्हाई."

त्याला एवढंच हवं होतं. गावच्या फडात, त्याच गड्यासमोर, सगळ्यांनी मान्य केलेली जोड. ती कशी मिळवायची हे त्या दिवशी कोणालाही सांगता आलं नाही. सुटी संपली आणि तो गेला.

कॉलेजात त्याच वर्षी काय झालं, ते त्यानं नंतर सांगितलं. दुसऱ्या एका लहान कॉलेजाची मुलं कुस्त्यांसाठी आली होती. त्या कॉलेजात वजिफा नव्हता. मुलं घरून डबा आणणारी, शाळकरी अंगाची. दादाच्या समोर जो उभा केला तो सलामीलाच मागे सरकला. दादानं त्याला दोन डावांत पाडलं. कॉलेजची पोरं नाचली. दादा कसरतीच्या मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, जोड पाहून कुस्ती लावत जा.

मास्तर म्हणाले, "बेटा, यहाँ जोड नहीं देखते, ढाल देखते हैं."

जिंकलेली चांदीची ढाल प्रिन्सिपलच्या खोलीत भिंतीवर टांगली गेली. दादाला त्या मुलाला पाडल्याचं काहीच वाटलं नाही, आणि याचंच त्याला वाईट वाटलं. याडीनं जे ओरडून सांगितलं होतं, ते त्याला तिथे, जिंकल्यावर, पूर्ण पटलं.

मग त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक उपाय केला. खुराकाचे पैसे दर महिन्याला बोर्डिंगकडून हातात मिळत. त्यातला मोठा वाटा तो मनीऑर्डरनं वस्तादांना पाठवू लागला. निरोप असा, की तालमीत जास्तीचं दूध घ्या, म्हणजे जोडीदारालाही खुराक मिळेल आणि जोड बरोबर होईल. स्वतः तो बोर्डिंगातलं साधं जेवण जेवू लागला.

वस्तादांनी दूध घेतलं, पण घागरीचा नियम मोडला नाही. जास्तीचं दूध घागरीत, आणि घागरीतलं सगळ्यांना सारखं. परिणाम असा झाला की त्या वर्षी साखऱ्याच्या तालमीतलं प्रत्येक पोरगं गुबगुबीत झालं. माझेही गाल वर आले. आमच्या गल्लीतला एक लंगडा म्हातारा रोज सकाळी तालमीच्या दारात येऊन म्हणे, "कालेजात गेलं एक, अन् फुगून राहिले सगळे." एकटा जोडीदार होता तसाच राहिला. पेल्यातलं दूध तो पिई आणि उजाडता उजाडता माळावर कामाला जाई. दूध अंगी लागायला अंगाला जो विसावा लागतो, तो त्याला नव्हता.

दादा दुसऱ्या वर्षीच्या सुटीत आला तो जत्रेला महिनाभर बाकी असताना. स्टेशनावरून आला आणि पाय न धुता तालमीत गेला. वस्ताद तिथेच होते, जोडीदारही होता. वस्तादांनी दोघांना शेजारी उभं केलं, दंड चाचपले आणि नकारार्थी मान हलवली.

"वस्ताद, दूध तर बराबर केलं ना मी?" दादा म्हणाला.

"दूध बराबर झालं. विसावा कुठं बराबर झाला?" वस्ताद म्हणाले. "तो मनीऑर्डरीनं धाडता येतो का?"

दादानं जोडीदाराचा नांगरानं घट्ट झालेला तळहात उलटून पाहिला. मग म्हणाला,

"धाडता येत न्हाई. पण देता येतो. आपण सावड करू."

सावड ही आमच्याकडची शेतातली जुनी रीत. एकट्या घरानं होत नाही असं काम दोन घरं मिळून करतात. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या शेतात राब. पैसा द्यायचा नाही, दिवसाला दिवस द्यायचा. बैलांची सावड होते, नांगरटीची होते, खळ्याची होते. कुस्तीसाठी सावड त्याआधी कोणी केली नव्हती. दादाचं म्हणणं असं, की जत्रेपर्यंत जोडीदाराच्या नांगरामागे मी चालतो. त्यानं तालमीत मेहनत करावी आणि दुपारी निजावं. वर्षभर मी जे केलं ते त्यानं महिनाभर करावं, आणि त्यानं जे केलं ते मी.

जोडीदाराला हे आवडलं नाही.

"सावड फेडावी लागती, गड्या. मी फुकट काही घेत न्हाई. तुझं कालेज कुठं नांगरू मी?"

तोवर आबा तिथे आले होते. ते म्हणाले, "पेरणीच्या टायमाला हा कालेजात राहतोय. माझ्याकडं हात न्हाई. तवा तू ये. दिवसाला दिवस."

"तसं असंल तर चालतंय, मामा," जोडीदार म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दादा तांड्याच्या शेतात गेला. मीही जात असे, नांगरानं उखडलेली धसकटं आणि दगड वेचायला. जमीन मुरमाड. लाकडी नांगराला चार बैल जुंपलेले. पुढे बैल हाकायला याडी, मागे नांगराची मूठ, म्हणजे रुमणं, धरून दादा. हातभर गेलं की फाळ दगडाला अडे. तो उचलून पुन्हा रोवावा लागे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दादाच्या तळहाताला फोड आले. कुस्तीनं घट्ट झालेले हात, पण नांगराला ते नवे होते.

"काय रे वजिफ्याच्या बैला, दमलास का?" याडी मागे वळून म्हणे.

"न्हाई, याडे."

"मंग नांगर काहून वाकडा चालून राहिला?"

"दगड हायेत."

"माझ्या पोराला बी हेच दगड होते. तो काही सांगत न्हाई आला."

भाकरीला बसलो की तिच्या पदरात जी भाकर असे तिचे ती सारखे तुकडे करी. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लाल ठेचा. एकदा आईनं दादासाठी घरून लोण्याचा गोळा पाठवला. याडीनं तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे तुज्या मायला वापस दे. माझ्या वावरात वेगळं खायाची रीत न्हाई." दादा मोठ्यानं हसला. त्या उन्हाळ्यात त्याला मी इतकं मोकळं हसताना तेव्हाच पाहिलं.

तिकडे तालमीत उलट तक्रार चालू होती. जोडीदाराला दुपारी झोप येत नव्हती. निजायची सवयच नव्हती. वस्ताद त्याला तालमीच्या सावलीत घोंगडीवर आडवा करत आणि दाराशी बसून राहत. तो उठून बसला की म्हणत, "नीज. तुझी कमाई हाय ती." आठवड्याभरानं त्याला झोप लागू लागली. जत्रा जवळ आली तेव्हा त्याच्या खांद्यावर मांस दिसू लागलं होतं, आणि दादाच्या अंगावरचं उतरलं होतं. तो पुन्हा आमच्याच गावचा दिसायला लागला होता.

त्या वर्षी फडाला गर्दी जास्त होती. आदल्या वर्षी काय झालं आणि यंदा काय ठरलं, ते सगळ्या पंचक्रोशीत माहीत झालं होतं. लोक कुस्तीइतकेच फेरी पाहायला आले होते. मी दोघांची नावं पुकारली. पंचांनी दंड, मान, मनगट पाहिलं. वस्तादांनी एका हातात दादाचा पंजा घेतला, दुसऱ्यात जोडीदाराचा, आणि फेरी सुरू केली. दादा समोर कोणाकडेच बघत नव्हता. गाड्यांच्या बाजूला आल्यावर वस्ताद थांबले. तशी थांबायची रीत नव्हती.

"बोल बाई," वस्ताद म्हणाले. "जोड हाय का न्हाई?"

याडी त्याच जागी उभी होती. तिनं आधी पोराकडे पाहिलं, मग दादाकडे. दादाचे हात पाहिले. तळहाताला घट्टे पडले होते.

"हाय!" ती ओरडली. "जोड हाय!"

फडातून जो आवाज उठला, तो मी पुढे कुठल्याही मैदानात ऐकला नाही. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी जवळ होतो म्हणून मला दिसलं. हलगी कडाडली. दोघांनी सलामी दिली.

कुस्ती लांबली. पट निघाले, सुटले. दोघांच्या पाठीला सारखी माती लागली. ऊन उतरायला आलं तसं पंच पुढे सरकले. यंदाही सोडवावी लागणार, असं त्यांच्या हालचालीवरून वाटलं. तेवढ्यात जोडीदारानं डाव्या बाजूनं ढाक मारली आणि दादाची पाठ जमिनीला लागली. स्वच्छ चितपट. शंकेला जागा नव्हती.

जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचं नाव मी घेतलं. हरलेला माझा भाऊ होता, म्हणून आवाज कमी केला नाही. दादा उठला, त्यानं जोडीदाराला खांद्यावर घेतलं आणि फडाभोवती फिरवलं. मानाचा फेटा जोडीदाराला मिळाला. घरी आल्यावर आबांनी दादाला विचारलं, वाईट वाटलं का.

"कळलं ना आबा आता," दादा म्हणाला. "माझं जे हाय ते माझंच हाय. त्याच्यापेक्षा जरा कमी हाय, एवढंच."

आबांनी ही गोष्ट पुढे पुष्कळांना सांगितली. सांगताना ते जरा ताठ बसत.

कॉलेजात बातमी पोचलीच. कसरतीच्या मास्तरांनी त्याला बोलावून घेतलं. "हल चलानेवाले ने गिराया तुझे?" दादानं उत्तर दिलं, "जी. मेरी जोड का है." वजिफा राहिला, कारण कॉलेजच्या कुस्त्या तो जिंकतच होता. मास्तरांची पद्धत बदलली नाही. दादानं एक गोष्ट मात्र स्वतःपुरती सुरू केली. बाहेरच्या कॉलेजाचा मुलगा समोर आला की सलामीच्या आधी तो त्याचं मनगट धरून पाही. हलकं वाटलं तर मास्तरांना सांगे, माझ्याऐवजी अमक्याला उतरवा. कधी ऐकलं गेलं, कधी नाही. मिळालेल्या ढाली आणि पदकं त्यानं घरी आणली नाहीत.

जोडीदारानं पेरणीला येऊन सावड फेडली. पाऊस पडून वाफसा झाला की तो बैल घेऊन आमच्या दारात हजर असे. शेवटी आबा म्हणाले, फिटली बाबा. तो म्हणाला, "एक दिवस राह्यला, मामा. तो असू द्या." त्या दिवसाचा हिशेब दोन्ही घरांनी मुद्दाम अपुरा ठेवला.

दादा शिकून वसमतला शाळामास्तर झाला. खुर्चीत बसून आणि हळदीच्या गावचं जेवण जेवून त्याचं अंग सैल झालं. पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या वर्षी आमच्याकडची शेवटची मोठी जत्रा भरली. मग मुलखात धामधूम सुरू झाली आणि पुढच्या वैशाखात फड लागलाच नाही. त्या शेवटच्या फडाला दादा सुटी काढून आला आणि त्यानं लंगोट बांधला. वजिफा आता नव्हता. वेगळं दूध नव्हतं. कोणी हरकत घेईल असं कारणच उरलं नव्हतं.

जोडीदार तेव्हा पूर्ण भरात होता. वस्ताद थकले होते, तरी फेरीला तेच होते. ते दोघांना घेऊन गाड्यांच्या बाजूला आले, आणि याडी ओरडली,

"जोड न्हाई!"

"आता काय झालं, याडे?" दादा म्हणाला. "मी कुणाचं खात न्हाई आता!"

"म्हणून तर!" ती म्हणाली. "माझं पोरगं तुला मोडून टाकंल. मास्तराला मारून काय नाव व्हायाचं त्याचं? वस्ताद, मोडा ही जोड."

सगळा फड हसत होता. वस्तादांनी दादाचा दंड चाचपला आणि मान हलवली. जोड नव्हती. कारण पटण्यासारखं होतं. जोडीदारानं मात्र दादाचा पंजा धरून ठेवला.

"गड्या, सावड करू," तो म्हणाला. "तू तालमीत नीज. तोवर मी तुझ्या शाळेत येतो."

"अन् पोरांना काय शिकवशील?"

"बैल हाकायला. तुझ्यापरीस नीट शिकवीन."

मी पुकारा केला. जोड नाही, कुस्ती रद्द. जोडीदाराला दुसरी जोड लागली, वाशिमकडचा एक तगडा गडी. दादा कपडे घालून गाड्यांपाशी गेला आणि याडीच्या शेजारी, जुवाला हात टेकून उभा राहिला. फेरी त्या बाजूला आली तेव्हा त्यानं दोघांना नीट न्याहाळलं आणि सगळ्यांच्या आधी ओरडला,

"जोड हाय!"